दुपारी पास झालेल्या बॅटऱ्या

गोखिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात विमानाच्या बॅटऱ्या तपासतात, हे मी आचोळ्याच्या आमच्या सोसायटीत पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "विमानाला बॅटरी असते?" मी म्हटलं, "असते. तुमच्या इन्व्हर्टरला असते तशीच. फक्त ती संपली तर पंखा बंद पडत नाही, विमान खाली येतं." तेव्हापासून ती मला जरा बिचकून असते.

मी थोडं वाढवून सांगितलं होतं, हे कबूल. मोठ्या विमानांचं शास्त्र वेगळं. आमच्याकडे येतात त्या दोन माणसांच्या छोट्या विमानांच्या बॅटऱ्या. कुठल्या फ्लाइंग क्लबच्या, नाहीतर हौसेने स्वतःचं विमान बांधणाऱ्यांच्या. अशा विमानांतल्या काही नव्या इंजिनांना ठिणगी पाडायला वीज लागते. वीज गेली की ठिणगी गेली, आणि ठिणगी गेली की इंजिन थांबलं. म्हणून मुख्य बॅटरीखेरीज आणखी एक छोटी बॅटरी बसवतात, स्कूटरच्या बॅटरीएवढी. ती एरवी काहीच करत नाही. मुख्य वीज दगा देईल त्या दिवशी विमान खाली उतरेपर्यंत ठिणगी चालू ठेवायची, एवढंच तिचं काम. गाडी बंद पडली तर कडेला घेता येते. वर ती सोय नाही.

अशी बॅटरी चांगली आहे की वाईट, हे नुसतं व्होल्टेज बघून कळत नाही. लग्नाच्या बैठकीत सगळेच गुणी दिसतात. ओझं पडल्यावर काय ते कळतं. म्हणून तिला पूर्ण चार्ज करायचं, एक दिवस शांत ठेवायचं आणि मग मशीनला लावून ठरावीक करंट ओढत राहायचं. नवी बॅटरी साठ मिनिटं टिकते. अठ्ठेचाळीसच्या आत मान टाकली तर नापास. अठ्ठेचाळीस किंवा त्याहून जास्त टिकली तर पास, आणि पासच्या कागदावर खाली माझी सही. ही चाचणी पंचवीस अंशांच्या आसपास करायची असते, कारण बॅटरी गरम असली की जास्त वेळ टिकते. थंड झाली की तिची खरी ताकद दिसते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं मी हेच काम करते आहे.

गाळ्यात माणसं तीन. मालक, म्हणजे आमचे साहेब, हवाई दलातून निवृत्त झालेले. दुसरे भाऊ, मिठागराच्या गावातले, हाताने स्क्रू पिळला तरी किती पिळला ते सांगणारे. आणि तिसरी मी, राजापूरकडची, हट्टी. हट्टी हा शब्द माझ्या सासूबाईंचा आहे. मी त्याला 'पक्की' म्हणते.

त्या वर्षी मार्चपासून आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाण्याची बोंब सुरू झाली. सकाळी नऊच्या सुमाराला टँकर यायचा, खालच्या टाकीत पाणी ओतायचा, आणि लगेच सगळ्यांचे पंप एकदम चालू व्हायचे. पंप लागले की व्होल्टेज बसायचं, व्होल्टेज बसलं की आमचं मशीन मधेच बंद. अर्धवट चाचणी म्हणजे सगळी मेहनत वाया. बॅटरी परत चार्ज करा, परत एक दिवस थांबा. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आजपासून सगळ्या चाचण्या दुपारी दोनला. दुपारी पंप बंद असतात. साहेब म्हणाले, "वा, हे आम्हाला का सुचलं नाही?" मला आपलं डोकं किती चालतं याचा फार आनंद झाला.

आता आमच्या गाळ्याला पत्रा आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन वाजता त्या पत्र्याखाली काय होतं, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पण आमच्या नोंदवहीत रोज पंचवीस अंश लिहिलेलं आहे, आणि ते खोटं लिहिलेलं नाही. ते कसं, ते सांगते.

त्याच सुमाराला साहेबांनी नवा तापमापक आणला होता, प्रमाणपत्रासकट. आणि आपल्या घरांत चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. चांगले कप शोकेसमध्ये, रोज चहा कान तुटलेल्या कपातून. टीव्ही जुना झाला तरी रिमोटवरचं प्लास्टिक निघत नाही. बॅटऱ्यांच्या टेबलावर धूळ, ॲसिडचा वास, दुपारी झरोक्यातून थेट ऊन. तिथे नवा तापमापक खराब होईल म्हणून मी तो उचलला आणि साहेबांच्या केबिनमध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी रिकामा खिळा होता, त्याला लावला. प्लास्टिक तसंच ठेवलं. केबिनला एसी. दर चाचणीला मी इमानदारीत केबिनमध्ये जायची, आकडा वाचायची आणि बाहेर येऊन वहीत लिहायची: पंचवीस. आजारी माणूस ओटीवर झोपलेला आणि ताप मोजायचा स्वयंपाकघरात काम करणाऱ्याचा, असला तो प्रकार. नऊ महिने आमच्या तिघांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नाही.

डिसेंबरात लक्षात आलं, तेही टँकरवाल्यांमुळेच. एका क्लबची बॅटरी होती. दुपारी चाचणी झाली, एक्कावन्न मिनिटं, पास. पण प्रिंटरने कागद अर्धाच छापला आणि पुढचा आकडा उमटलाच नाही. प्रिंट नाही म्हणजे चाचणी नाही. परत चार्ज केली, एक दिवस ठेवली. तिसऱ्या दिवशी टँकरवाल्यांचा काहीतरी संप होता, पंप लागणार नव्हते, म्हणून म्हटलं सकाळीच लावून टाकू. गार सकाळ होती. पंचेचाळीस मिनिटांत बॅटरी संपली.

मी आधी मशीनला शिव्या घातल्या. मग वायरी तपासल्या. भाऊ शांतपणे बॅटरीवर तळवा ठेवून उभे होते.

"ताई, परवा दुपारी हिला उचलली तं चटका बसलेला. आज बगा, पान्यातून काढल्यासारकी हाय."

मी बॅटरीला हात लावला. मग केबिनच्या काचेतून त्या तापमापकाकडे बघितलं. मी तो खिळ्यावरून काढला, आयुष्यात पहिल्यांदा त्याचं प्लास्टिक फाडलं आणि बॅटरीशेजारी ठेवला. एकोणीस. दुपारी दोनपर्यंत मी तिथेच बसून राहिले. डबाही उघडला नाही. दोन वाजता आकडा छत्तीस होता. मे महिन्यात तो किती असेल, याचा हिशोब मनात झाला.

मार्चपासूनच्या वह्या काढल्या. पंचावन्नच्या वर सहज टिकलेल्यांची चिंता नव्हती. त्या गारव्यातही निभावल्या असत्या. पण काठावर पास झालेल्या नऊ बॅटऱ्या निघाल्या, अठ्ठेचाळीसपासून पंचावन्न मिनिटांपर्यंतच्या. त्या पास झाल्या नव्हत्या. त्यांना पत्र्याने पास केलं होतं, आणि खाली सही मी केली होती. आणि त्या नऊही बॅटऱ्या विमानांतून उडत होत्या. वर थंड हवेत.

साहेबांना सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून नीट करू. झालं ते झालं. नऊ महिन्यांत कोणाचं काही बिघडलंय का? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, मूठ झाकलेली आहे, पण तिच्यात नऊ विमानं आहेत."

"आपली मान्यता जाईल. गाळा बंद होईल. तुझी नोकरी, भाऊची नोकरी. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

मी घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. घरचा निम्मा भार माझ्यावर आहे आणि या वयात विमानाच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार? पण मला राग जास्त आला होता, आणि तो साहेबांवर नव्हता. मी म्हटलं, "पत्र मी लिहिते. तुम्ही सही करा, नाहीतर मी एकटीच करते." साहेब म्हणाले, "बरं. पण 'चूक' लिहू नकोस. 'पुनर्तपासणी' लिही." मी 'आमच्या चाचणीत चूक झाली आहे' असंच लिहिलं, आणि खाली ती कोणती तेही लिहिलं. साहेबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक सुस्कारा सोडला आणि सही केली. मान्यता देणाऱ्या वरच्या कार्यालयालाही तेच पत्र गेलं.

आठ बॅटऱ्या आठवड्याभरात परत आल्या. नववी आली नाही.

नववी होती वसईच्या किनाऱ्याकडच्या एका काकांची. वाडीवाले; केळी, नारळ, पानवेली. सत्तरी ओलांडलेली. त्यांनी स्वतः चार वर्षं खपून दोन माणसांचं विमान बांधलं होतं आणि ते घाटावरच्या एका छोट्या धावपट्टीवर ठेवलं होतं. मी फोन केला तर म्हणाले, "बाई, तुम्हीच पास केली, आता तुम्हीच नापास म्हणता. रविवार झाल्यावर पाठवतो." रविवारी काय आहे, विचारलं. आवाज एकदम मऊ झाला. विमान उडायला लागून सात वर्षं झाली, पण काकू कधी त्यात बसल्या नव्हत्या. यंदा लग्नाला पन्नास वर्षं पुरी होत होती आणि काकू हो म्हणाल्या होत्या. का, तर काकांनी त्यांना समजावलं होतं की एक बॅटरी गेली तर दुसरी आहे. "आता नाही म्हटलं तर ती परत कधी बसायची नाही," काका म्हणाले. आणि फोन ठेवला.

शुक्रवार होता. मी रात्रभर तळमळत वगैरे नाही पडले; मी शनिवारी सकाळी सहाला भाऊंना उठवलं, हाताने उचलता येईल असं छोटं मशीन रिक्षात घातलं आणि आम्ही सरळ काकांच्या वाडीत गेलो.

ती दुसरी बॅटरी काका प्रत्येक फेरीनंतर घरी घेऊन येत, कारण धावपट्टीवर विजेचा भरवसा नव्हता. ओटीवर लोणच्याच्या बरणीशेजारी ती चार्जरला लावलेली असे. काका बंडीवर बाहेर आले, मला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, मी काय सांगितलं होतं?"

"काका, मशीन घेऊन आले आहे. तासाभराचं काम. अठ्ठेचाळीस मिनिटं टिकली तर माफी मागून जाते, उद्या खुशाल उडा."

"आणि नाही टिकली तर?"

"तरी माफी मागते. पण मग उद्या नाही."

त्यांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ म्हणाले, "काका, येवढ्या सकाली ताई माज्या घरी आल्या तवाच मी समजलो. आता या हलनार नाय."

चार्जर तर काकांनी आदल्या सकाळीच काढून ठेवला होता. तापमापक बॅटरीला टेकवून ठेवला, चोवीस. मी मशीन चालू केलं. काका खुर्चीत बसले, मनगटावरचं घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं. आतून काकू चहा घेऊन आल्या आणि त्याही उंबऱ्याशी बसल्या. काका त्यांच्याशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले. ती बोली मला निम्मीच कळते, पण 'काही नाही, साधी तपासणी आहे' असं ते सांगत असावेत. काकू माझ्याकडे बघत होत्या.

तीस मिनिटं झाली तेव्हा व्होल्टेजचा आकडा चांगला होता. काका म्हणाले, "बघा, मस्त आहे." पस्तीसला जरा उतरला. मला मनातून वाटत होतं की टिकावी. मी चुकले नव्हते असं निघावं, काकूंनी उद्या विमानात बसावं, सगळं गोड व्हावं. एकोणचाळीसला आकडा धडाधडा खाली यायला लागला. एक्केचाळिसाव्या मिनिटाला मशीनने शिटी दिली.

काकांनी घड्याळ परत मनगटावर चढवलं. पट्टा लागेना. ते बॅटरीकडे बघत राहिले.

काकूंनी मला शाळेतल्या मराठीत विचारलं, "ही खराब आहे?"

"हो काकू."

"मे महिन्यात चांगली म्हणून कोणी लिहून दिलं होतं?"

भाऊंनी मान खाली घातली. काका म्हणाले, "जाऊ दे ना आता." मी म्हटलं, "मी लिहून दिलं होतं. माझी सही आहे. चुकीची होती." आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. टँकर, पत्रा, केबिनमधला खिळा, काही वगळलं नाही. सांगताना लाज वाटत होती, पण आवाज मी हलू दिला नाही. प्लास्टिकचं सांगितलं तेव्हा काकूंना हसू आलं. त्यांच्याही टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक होतं.

काका हळूच म्हणाले, "झालं. आता तू काही बसायची नाहीस."

काकूंनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही बसलात कधी विमानात? यांच्यासारख्या, छोट्या?"

"नाही."

"बावीस वर्षं सह्या करता, आणि बसला नाहीत?"

खरं होतं. कोणी बोलावलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी कोणाला बोलवायची संधीही दिली नव्हती. मला उंचीची भीती वाटते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पापड वाळत घालायला जाते तेव्हासुद्धा मी कठड्यापासून लांब उभी राहते.

"मग नवीन बॅटरी आणा," काकू म्हणाल्या, "तुम्ही तपासा, तुम्ही सही करा. आधी तुम्ही बसा. तुम्ही खाली आलात की मी बसेन."

काका माझ्याकडे असे बघायला लागले की नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. मी "बरं" म्हटलं. परत येताना रिक्षात भाऊ म्हणाले, "ताई, तुमाला झेपंल?" मी म्हटलं, "गप्प बसा."

नवी बॅटरी आली. आता टँकर असो नसो, चाचणी सकाळी सातला, पंप लागायच्या आधी. बॅटऱ्यांच्या टेबलाभोवती साहेबांनी पार्टिशन घालून एसी केबिनमधून तिकडे हलवला होता. साहेब स्वतः घाम पुसत केबिनमध्ये बसत. मान्यता गेली नव्हती. वरून माणसं आली, दोन दिवस वह्या चाळल्या, आम्हाला चांगलं फैलावर घेतलं आणि सगळी पद्धत नव्याने लिहून घेतली. परत आलेल्या आठ बॅटऱ्यांपैकी तीन नापास निघाल्या होत्या. काकांची धरून चार. नव्या बॅटरीने साठ मिनिटं पुरी केली आणि वर दोन. मी सही केली. त्या दिवशी मी सही करायला जरा वेळ घेतला.

जानेवारीतल्या एका रविवारी चिंचोटीवरून कामणमार्गे भिवंडी आणि मग घाट, असे आम्ही चौघं काकांच्या गाडीतून गेलो. धावपट्टी म्हणजे माळावरची एक काळी रेघ आणि पत्र्याची एक शेड. विमान बाहेर काढलं तेव्हा ते इतकं छोटं दिसलं की मला वाटलं, उरलेलं अजून आत असेल. काकांनी मला आत बसवलं, पट्टे बांधले, कानाला हेडफोन लावले. इंजिन चालू झालं. सगळं विमान थरथरत होतं.

मग उडण्याआधीची तपासणी. काकांनी एका खटक्यावर बोट ठेवलं आणि हेडफोनमधून म्हणाले, "बाई, आता मुख्य वीज बंद करतोय. इंजिन फक्त तुमच्या बॅटरीवर."

खटका खाली गेला. बावीस वर्षांत मी हा खटका कधी बघितला नव्हता. मी फक्त मिनिटं मोजली होती. इंजिनाचा आवाज जरासुद्धा बदलला नाही. एकसारखा, भरलेला. मला रडू आलं आणि काकांना ते कळू नये म्हणून मी खिडकीतून बाहेर बघायला लागले, तर तिथे काकू उभ्या, पदर वाऱ्याने उडत होता तो धरून, डोळ्यांची पापणी न लववता माझ्याकडे बघत.

आम्ही उडालो. पंधरा मिनिटं. मी खाली फार बघितलं नाही. जे बघितलं ते सुंदर होतं, पण मी खोटं कशाला बोलू, मी बराच वेळ माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघत होते. उतरलो तेव्हा भाऊंनी मला हात देऊन खाली घेतलं.

काकू पुढे आल्या. बाकी काही विचारलं नाही, फक्त एवढंच: "घाबरलात?"

"खूप."

त्यांनी मान डोलावली. हातातली पिशवी आणि चपला माझ्याकडे दिल्या, काकांचा खांदा धरला आणि अनवाणी पाय पंखावर टाकला.